‘ब्राव्हो’चं खटलं: एका विशेषणाच्या तक्त्याच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

तक्त्याचा विषय पक्का झाला: ‘ब्राव्हो’ हे विशेषण आणि युरोपभर पांगलेली त्याची भावंडं. आमच्या गटात जर्मन शिकणारे सगळ्यांत जास्त, त्यांच्या खालोखाल फ्रेंच आणि स्पॅनिशवाले, इटालियनचे दोघं-तिघं. हा शब्द प्रत्येकाला भेटतो आणि तो इंग्रजीतून आपल्या ओळखीचाच आहे असं प्रत्येकाला वाटतं. मग जर्मनमधल्या ‘ब्राव्हेस किंट’चं भाषांतर ‘शूर मूल’ असं होतं. खरा अर्थ शहाणं मूल, सांगितलेलं ऐकणारं. स्पॅनिशवाले ‘तोरो ब्राबो’ला शूर बैल म्हणून मोकळे होतात. आपल्याकडचा कुठलाही शेतकरी त्याला मारका बैल म्हणेल, आणि ते बरोबर असेल.

मर्यादा आखून घेतली. विशेषण म्हणून जिथे शब्द चालतो तेवढ्याच भाषा. उद्गार म्हणून ‘ब्राव्हो’ सगळीकडेच आहे. वैमानिकांच्या रेडिओवरही ‘बी’साठी ब्राव्होच म्हणतात. ते सगळं घेतलं तर तक्ता भिंतीवर मावायचा नाही. अपवाद एकच: उद्गारालाही लिंग-वचनाची रूपं असतील, तर घ्यायचा.

९ जानेवारी

मूळ. ग्रीक ‘बार्बारोस’ म्हणजे ज्याचं बोलणं नुसतं बर-बर ऐकू येतं तो, थोडक्यात ग्रीक न बोलणारा. लॅटिनमध्ये तो ‘बार्बारुस’ झाला आणि अर्थ रानटी, परका, क्रूर असा पसरला. मधला एक ‘र’ गळून, अक्षरं दाटून ‘ब्राबुस’सारखं रूप बोलीत आलं असावं आणि त्यातून इटालियन-स्पॅनिशचा ‘ब्राव्हो’, असं बहुतेक कोशकार मानतात. काहींना त्यात लॅटिन ‘प्रावुस’ (वाकडा, दुष्ट) मिसळलेला दिसतो. तक्त्यात बार्बारुसकडून ठसठशीत रेघ, प्रावुसकडून तुटक.

संस्कृतातला ‘बर्बर’ कुठे ठेवायचा यावर बराच वेळ गेला. महाभारतातल्या परक्या लोकांच्या यादीत तो येतो, अर्थही जुळतो, आवाज तर जुळतोच. पण न कळणाऱ्या बोलीची नक्कल दोन ठिकाणी स्वतंत्रपणेही होऊ शकते. आपल्याकडे ‘बडबड’ आहेच. त्याला समासात जागा दिली, रेघ जोडलेली नाही. मराठी वाचकाला मात्र त्याचा फायदा आहे. बर्बर माहीत असलेल्याला या शब्दाचा पहिला अर्थ रानटी होता हे वेगळं समजवावं लागत नाही. शौर्य मागाहून आलं.

१४ जानेवारी

आयबेरियापासून, म्हणजे स्पेन-पोर्तुगालपासून सुरुवात, कारण रानटीपणा तिथे सगळ्यांत शाबूत आहे.

स्पॅनिश: ब्राबो, ब्राबा, ब्राबोस, ब्राबास. उलट अर्थाचा शब्द ‘मान्सो’. या जोडीला मराठीत आयता जोड आहे: मारका आणि गरीब. ‘आमची गाय गरीब आहे’ म्हणताना आपण तिच्या आर्थिक स्थितीबद्दल बोलत नसतो. झुंजीच्या बैलाची पैदासच ‘ब्राबो’ असावी म्हणून केलेली असते. तिथे हे विशेषण दूषण नाही, जातीची खूण आहे. समुद्र ब्राबो असतो म्हणजे खवळलेला. बटाटे ‘ब्राबास’ असतात म्हणजे झणझणीत सॉस घातलेले. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरच्या नदीला उत्तरेकडचे रिओ ग्रांदे म्हणतात, मोठी नदी. दक्षिणेकडचे तिलाच रिओ ब्राबो म्हणतात. वसाहतकाळातल्या स्पॅनिश कागदपत्रांत माणसांचीही अशीच वाटणी आहे. राज्य मानणारे ‘इंदिओस मान्सोस’, न मानणारे ‘इंदिओस ब्राबोस’. गुरांची विशेषणं जशीच्या तशी माणसांना लावलेली.

कोलंबिया, व्हेनेझुएला, क्यूबा इकडे ‘ब्राबो’ म्हणजे सरळ रागावलेला. स्पॅनिश शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, “ही ओळ ठळक करा. तिकडच्या ऑफिसांशी फोनवर बोलणाऱ्या मुलांना माद्रिदच्या बैलापेक्षा हा अर्थ जास्त लागतो.” केली.

कातालान: पुल्लिंगी ‘ब्राउ’, स्त्रीलिंगी ‘ब्राव्हा’. इथे विशेषणाचं नामच होऊन बसलंय. ‘ब्राउ’ म्हणजे बैल. बैलझुंज म्हणजे ‘कुर्सा दे ब्राउस’. त्या झुंजींवर कातालोनियाच्या संसदेने २०१०मध्ये बंदी घातली आणि स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने २०१६मध्ये ती रद्द ठरवली. शब्दाशी त्याचा संबंध नाही, पण समासात लिहून ठेवते. कोस्ता ब्राव्हा, म्हणजे खडकाळ, उग्र किनारा, हे नाव पुरातन वाटतं. प्रत्यक्षात फेर्रान आगुल्यो या पत्रकार-कवीने ते १९०८मध्ये बार्सिलोनाच्या वर्तमानपत्रातून रूढ केलं. आज तिथे पर्यटकांच्या छत्र्यांखाली उग्र असं फार काही उरलेलं नाही.

पोर्तुगीज: ब्राव्हू, ब्राव्हा. ब्राझीलमध्ये ‘फिकार ब्राव्हू’ म्हणजे चिडणं. वनस्पतींच्या नावांत तो आपल्या ‘रान-’ सारखा येतो, पण एका ठिकाणी जपून: ‘मांजिओका ब्राव्हा’ म्हणजे कडू कसावा, ज्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं इतकी असतात की किसून, पिळून, भाजून घेतल्याशिवाय तो खाता येत नाही. उपवासाचा साबुदाणा कसाव्याचाच, म्हणून वाचक ही ओळ लक्षात ठेवतील असा माझा अंदाज. ‘देझब्राव्हार’ म्हणजे रान तोडून जमीन वहितीखाली आणणं. शब्दशः, तिचा ब्राव्होपणा काढून टाकणं. केप व्हर्दच्या एका बेटाचं नावच ब्राव्हा आहे.

२० जानेवारी

इटालियन. ‘ब्राव्हो’ सज्जन कधी झाला ते इथे दिसतं, आणि सगळाच झाला नाही हेही.

आजचा रोजचा अर्थ चांगला, आपल्या कामात तरबेज. ‘ब्राव्हो मेदिको’ म्हणजे हाताला गुण असलेला डॉक्टर. आई मुलाला ‘फाय इल ब्राव्हो’ म्हणते तेव्हा तिला शौर्य नको असतं. गप बस, शहाण्यासारखा वाग, एवढंच. पण ‘नोत्ते ब्राव्हा’ म्हणजे दंगामस्तीची, बेफाम रात्र. जुना रानटी अर्थ असा एखाद्या शब्दप्रयोगात दडून राहिला आहे.

नामाचा इतिहास त्याहून काळा. सोळाव्या-सतराव्या शतकात ‘ब्राव्ही’ म्हणजे सरदारांनी पदरी बाळगलेले भाडोत्री गुंड. मान्झोनीच्या ‘लग्न ठरलेली जोडी’ या अर्थाच्या नावाच्या कादंबरीची सुरुवातच त्यांच्यापासून होते. १६२८च्या नोव्हेंबरात एका भित्र्या पाद्र्याला रस्त्यात दोन ब्राव्ही अडवतात आणि लेखक गोष्ट थांबवून मिलानच्या स्पॅनिश गव्हर्नरांचे हुकूम छापत सुटतो. पहिला हुकूम १५८३चा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, प्रत्येकात ब्राव्हींनी अमुक दिवसांत प्रांत सोडावा अशी ताकीद. इतके हुकूम काढावे लागले यातच ते किती पाळले गेले ते कळतं. तक्त्यात ‘गुंड’ हा अर्थ लाल शाईत.

उद्गाराचा अपवाद इथेच लागू होतो. इटलीतल्या ऑपेरागृहात गायकाला ब्राव्हो, गायिकेला ब्राव्हा, सगळ्यांना मिळून ब्राव्ही, फक्त बायका असतील तर ब्राव्हे. ऑपेराबरोबर हा शब्द अठराव्या शतकात युरोपभर गेला, पण बाकीच्यांनी रूपं न घेता एकच ‘ब्राव्हो’ गोठवून घेतला. गायिकेला ब्राव्हो म्हणणाऱ्याकडे आजही शेजारच्या खुर्चीवरचा जाणकार तिरक्या नजरेने बघतो. आपल्या ‘वाहवा’ला ही भानगड नाही.

२३ जानेवारी

लिपीचा दिवस. युरोपियन ‘व्ही’साठी मराठी रूढीप्रमाणे ‘व्ह’ ठेवायचा. स्पॅनिशमध्ये मात्र ‘बी’ आणि ‘व्ही’चा उच्चार एकच, म्हणून तिथे ब्राबो. जर्मन आणि डचमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘व्ह’ कठोर होऊन ‘फ’ होतो, म्हणून ‘ब्राफ’, पण प्रत्यय लागला की पुन्हा ‘ब्राव्हे’. मांडणी करणाऱ्या दादांना दोन्ही एकाच चौकटीत का, हे फोनवर सांगून झालं.

स्वीडिश ‘ब्रा’ पाहून वर्गात हसू येणार. येऊ दे.

२९ जानेवारी

फ्रेंच ‘ब्राव्ह’. लिंगाप्रमाणे रूप बदलत नाही, अनेकवचनी ‘एस’ लिहायचा आणि बोलायचा नाही. सगळा खेळ जागेचा आहे. नामानंतर आला तर शूर: ‘ऑम ब्राव्ह’. नामाआधी आला तर भला, साधा, सज्जन: ‘ब्राव्ह ऑम’. मराठीत विशेषण आधीच येतं, त्यामुळे ही सोय आपल्याला नाही. दोन वेगळे शब्दच वापरावे लागतील.

‘मों ब्राव्ह’ (माझ्या भल्या माणसा) असं कुणाला म्हणायचं? नोकराला, गाडीवानाला, हमालाला. बोलणारा नेहमी वरच्या पायरीवर. दक्षिण फ्रान्समध्ये एखाद्याबद्दल ‘बिचारा फार ब्राव्ह आहे’ असं म्हणाले तर तो मनाने चांगला, पण डोक्याने जरा कमी, असा सूर लागतो. आपलं ‘भोळा’ याच्या अगदी जवळ. दुसऱ्या टोकाला नेपोलियनचा ‘ने’ नावाचा मार्शल, ज्याला ‘ले ब्राव्ह दे ब्राव्ह’, शूरांतला शूर, अशी पदवी मिळाली. राजेशाही परतल्यावर १८१५च्या डिसेंबरात त्याच फ्रान्सने त्याला गोळ्या घातल्या.

सतराव्या शतकात आणखी एक अर्थ होता: झकपक कपडे घातलेला. आता गेला, पण इंग्रजीच्या रांगेत लागणार आहे, म्हणून फिक्या अक्षरांत राहू द्यायचा.

५ फेब्रुवारी

जर्मन. याच भाषेसाठी एवढा खटाटोप.

शब्द फ्रेंचमधून आला आणि सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात सैनिकी बोलण्यात रुळला. तेव्हा ‘ब्राफ’ म्हणजे धडाडीचा, लढाईत मागे न हटणारा. १८०४च्या शिलरच्या ‘विल्हेल्म टेल’ नाटकातही तोच अर्थ आहे. वादळात सरोवर ओलांडायला नावाडी तयार नाही, पाठीवर शिपाई लागलेला माणूस काठावर गयावया करतोय, आणि टेल म्हणतो की ब्राफ माणूस स्वतःचा विचार सगळ्यांत शेवटी करतो. आणि होडी पाण्यात घालतो. इथे ‘शहाणा मुलगा’ हा अर्थ लावून बघा, प्रवेश कोसळतो.

आज विचारलं तर? ‘ब्राफ’ मूल म्हणजे आज्ञाधारक मूल. ‘ब्राव्हर हुंट’ म्हणजे गुणी कुत्रा, सांगितल्यावर बसणारा. मोठ्या माणसाला म्हटलं तर हलका टोमणा: सरळमार्गी, मिळमिळीत. ब्राफ कपडे म्हणजे कुणाच्या डोळ्यांत न भरणारे कपडे. तुलनेची रूपं ब्राव्हर, आम ब्राफ्स्टेन. डच ‘ब्राफ’ही याच वाटेने गेला, मुलं आणि कुत्री तिथेही एका ओळीत.

रानातल्या बैलापासून सांगितल्यावर बसणाऱ्या कुत्र्यापर्यंत एकच विशेषण, हे तक्त्यातलं सगळ्यांत लांब अंतर. मधला दुवा मला सैन्य वाटतो. वरिष्ठ ज्याला ‘ब्राफ’ म्हणतो तो शिपाई शूर असतो आणि हुकूम पाळणाराही असतो. बैठकीच्या घरात पोचल्यावर पहिला गुण गरजेचा राहिला नाही, दुसरा राहिला. बापाने मुलाला म्हणायचा शब्द झाला.

११ फेब्रुवारी

स्तंभांवरून वाद. गटातल्या दोघांचं म्हणणं, पहिला स्तंभ ‘मुख्य अर्थ’ असावा, म्हणजे परीक्षेला सोपं. मला ते पटत नाही. इटालियनचा मुख्य अर्थ कुठला, तरबेज की शहाणा? फ्रेंचचा कुठला, शूर की भला? जो निवडू त्याने दुसरा अपवाद ठरतो, आणि तसा तो नाही.

माझी मागणी: स्तंभ अर्थाचे नकोत, कशाबद्दल बोलतोय त्याचे हवेत. जनावर, निसर्ग, मोठा माणूस, मूल, कारागीर-कलावंत, हवा-तब्येत. चौकटीत अर्थ. स्पॅनिशची ओळ ‘जनावर’ आणि ‘निसर्ग’मध्ये गच्च भरते आणि ‘मूल’मध्ये रिकामी राहते, जर्मनची ‘मूल’मध्ये गच्च आणि ‘निसर्ग’मध्ये रिकामी. रिकाम्या चौकटीही काही सांगतात. शिवाय एक बारीक स्तंभ: कोण म्हणतो. वरचा खालच्याला, बरोबरीचा बरोबरीच्याला, की प्रेक्षक रंगमंचाकडे बघून. ‘मों ब्राव्ह’, ‘फाय इल ब्राव्हो’, ‘ब्राव्हर हुंट’ तिन्ही वरून खाली येतात, आणि तिन्हींत शब्दाची शिंगं कापलेली आहेत. खालून वर असा एकही नमुना मला मिळाला नाही. मुलगा बापाला ‘ब्राफ’ म्हणत नाही; म्हणालाच तर थट्टेत.

ताईंनी बाजू घेतली, स्तंभ मंजूर. ‘परीक्षेला सोपं’वाल्यांसाठी खाली छोटी चौकट देऊ.

१७ फेब्रुवारी

स्वीडिश आणि नॉर्वेजियन: ‘ब्रा’. शेवटचा ‘व्ह’ही गेला आणि सगळं नाट्यही गेलं. उरलं नुसतं ‘चांगलं’. चांगलं पुस्तक, चांगलं घर, तब्येत बरी आहे, छान झालं, सगळीकडे ब्रा. स्वीडिशमध्ये विशेषणाला नपुंसकलिंगी ‘त’ आणि अनेकवचनी ‘आ’ लागतो. याला काहीच लागत नाही, अजून पाहुण्यासारखा कोरडा उभा आहे. तुलनेला स्वतःचं रूप नाही, ‘बेत्रे’, ‘बेस्त’ ही ‘गुद’ या जुन्या शब्दाची रूपं वापरतो. आणि ‘गुद’ला मात्र त्याने बरंच मागे सारलंय, तो आता मुख्यतः चवीबद्दल आणि मनाच्या चांगुलपणाबद्दल येतो. शेजारच्या डेन्मार्कने ‘ब्रा’ घेतलाच नाही. स्कँडिनेव्हियन भाषा म्हणजे एकच भाषा असं म्हणणाऱ्यांना ही चौकट दाखवावी.

२४ फेब्रुवारी

ब्रिटिश बेटं, पण इंग्रजीवर फार वेळ नाही. ‘ब्रेव्ह’ म्हणजे शूर हे सगळ्यांना येतं. न येणारा अर्थ म्हणजे देखणा, दिमाखदार, फ्रेंचकडून आलेला. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधली मिरांडा नव्या जगाला ‘ब्रेव्ह’ म्हणते ते सुंदर या अर्थाने. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये यशयाच्या तिसऱ्या अध्यायात बायकांच्या पैंजणांची ‘ब्रेव्हरी’ येते; पैंजणांचं शौर्य कसलं, थाट.

स्कॉटलंडने नेमका हाच अर्थ ठेवून घेतला. तिथला ‘ब्रॉ’ म्हणजे छान, झकास, आणि ‘ब्रॉज’ म्हणजे ठेवणीतले कपडे.

वेल्श ‘ब्राव्ह’ हवेवर चालतो. ‘नोसोन ब्राव्ह’, प्रसन्न संध्याकाळ. त्याची गंमत व्याकरणात आहे. वेल्शमध्ये स्त्रीलिंगी नामानंतर विशेषणाचं पहिलं व्यंजन मऊ होतं, ‘ब’चा ‘व्ह’ होतो. हा शब्द इंग्रजीतून आला आणि त्याने ते करायला नकार दिला; ‘ब’ तसाच. वेल्शच्या पुस्तकांत तो अपवादांच्या छोट्या यादीत असतो. युरोपच्या एका टोकाला जाऊन, सगळ्यांत निरुपद्रवी अर्थ पत्करून, तेवढ्यापुरता ताठपणा शिल्लक. या चौकटीला मी जरा जास्तच जागा दिली आहे, कुणी कापू नये.

३ मार्च

स्लाव्ह बाजू. रशियन ‘ब्राव्ही’ म्हणजे रुबाबदार, छाती पुढे काढलेला, बहुतेक शिपाईच. इटालियन गुंडांच्या अनेकवचनाशी मराठी लिपीत गोंधळ होतोय, म्हणून रशियन रूप ‘ब्रावीय’ असं लिहायचं ठरलं. पोलिशमध्ये विशेषण नाही, पण ‘ब्राव्हुरा’ आहे आणि अर्थ बेदरकारपणा. गाडी बेफाम चालवणाऱ्याबद्दल सहज येतो. हंगेरियन ‘ब्राव्हूर’ मात्र कौतुकाचा, कुणी अवघड काम फत्ते केलं की. दोन्ही तळटीपेत.

सापळा: चेकमध्ये ‘ब्राव्ह’ हा शब्द सापडतो आणि हर्ष होतो. तो या कुटुंबातला नाही. जुना स्लाव्ह शब्द आहे, अर्थ मेंढ्या, शेळ्या, डुकरं असं लहान जनावर. स्लोव्हाक खानावळीत ‘ब्राव्चोवे’ म्हणजे डुकराचं मांस. मेनूकार्डावर हे वाचून शूर मटण मागवू नये.

चेकमधलं खरं काम श्वेइककडे आहे. हाशेकच्या १९२१ ते १९२३मधल्या कादंबरीच्या नावात तो ‘दोब्री’ शिपाई आहे, चांगला शिपाई, साध्या चेक शब्दात. ग्रेटे रायनर यांच्या १९२६च्या जर्मन भाषांतरात तो ‘ब्राफ’ शिपाई झाला. रशियन भाषांतरात ‘ब्रावीय’. एकाच माणसाला जर्मन वाचक आज्ञाधारक म्हणून भेटतो आणि रशियन वाचक छातीवाला म्हणून. हुकूम तंतोतंत पाळून सैन्याची वाट लावणाऱ्या या माणसाला जर्मन विशेषण इतकं चपखल बसतं की मुळापेक्षा सरस वाटावं. त्यात शिपायाचा जुना अर्थ आणि गुणी बाळाचा नवा अर्थ दोन्ही एकदम वाजतात. मराठीत? ‘शहाणा शिपाई’. आपला ‘शहाणा’सुद्धा कौतुक आणि टोमणा दोन्ही करतो. तक्त्याच्या खाली ही एक ओळ जाणार, इतर भाषांसमोर आपला शब्द म्हणून.

१० मार्च

माल्टाचा ‘ब्राव्हू’: हुशार, तरबेज. अरबी घराण्यातल्या भाषेत इटालियन पाहुणा. एक ओळ पुरे.

ग्रीक. इथून निघालेला शब्द इथे परत आला आहे, आणि दोन वेषांत. ‘ब्राव्हो’ म्हणजे शाब्बास, दिवसातून कितीदा तरी. आणि ‘ब्राव्होस’ हे नाम: नाइटक्लबच्या दारावरचा धटिंगण, कुणाचा तरी भाडोत्री अंगरक्षक. म्हणजे मान्झोनीचाच गुंड. लिखाणात आणखी मजा. मधल्या काळात ग्रीक बीटा अक्षराचा उच्चार ‘व्ह’ झाला, त्यामुळे ‘बार्बारोस’ आज तिथे ‘व्हार्व्हारोस’ असा बोलतात. परत आलेल्या शब्दाचा ‘ब’ लिहायला बीटा चालेना, म्हणून म्यू आणि पी ही दोन अक्षरं जोडून लिहावा लागतो. एकाच अक्षराने दोघांची सुरुवात व्हायची, आता तेही सारखं राहिलेलं नाही. तक्त्यात दोन्ही ग्रीक चौकटी शेजारी, मध्ये रेघ नाही. ती इटलीला वळसा घालूनच येईल.

१४ मार्च

मांडणीचा पहिला छाप आला. जर्मनची ओळ ‘मूल’च्या स्तंभात दोन चौकटी खाते, ती मोडून छोटी करायला सांगितली. वेल्शच्या चौकटीवर कात्री चालली होती, परत घेतली. राहिलेली कामं: रोमानियनचा ‘ब्राव्ह’ फ्रेंचकडून आला आहे, तशी रेघ ओढायची, कातालानमध्ये ‘ब्राउ’च्या शेजारी बैलाचं चित्र हवं की नको ते ताई ठरवतील, लाल शाई छपाईत तपकिरी येतेय, ती छापखान्याशी बोलून घ्यायची.